पुस्तकाचं कव्हर काढून टाक

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्यातला बराचसा भाग तू माफी मागण्यात घालवलास. माफी कशाची, तर पतसंस्थेच्या वसुली विभागात काम करणारी तुझ्यासारखी बाई भुसावळ-जळगाव गाडीत बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचते म्हणून. शेजारी कुणी ओळखीचं निघालं तर काय, या भीतीने पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालतेस. ते एकदा कव्हरासकट ऑफिसात पकडलं गेलं, सगळ्यांदेखत हसं झालं, आणि तेव्हापासून ही सवय सोडावी असं तुझ्या मनात आहे.

सोडू नकोस. कव्हर तेवढं काढून टाक.

'लोकांकडे लक्ष देऊ नको' एवढं लिहून मी थांबलो तर तुझं समाधान होणार नाही, आणि ते होऊही नये. हसणाऱ्यांची तुला फारशी पर्वा नाही, हे मला माहीत आहे. तुला भीती वाटते ती वेगळीच. आपण मोठं व्हायचं टाळतोय की काय, ही. तिचा विचार नीटच केला पाहिजे, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी कव्हराचं सांगतो. हॅरी पॉटरचा पहिला भाग १९९७ साली इंग्लंडमध्ये आला आणि पुढच्याच वर्षी ब्लूम्सबरी या प्रकाशकाने तेच पुस्तक मोठ्यांसाठी वेगळ्या मुखपृष्ठासह काढलं. रंगीत चित्राच्या जागी वाफेच्या इंजिनाचं काळं-पांढरं छायाचित्र. गोष्ट तीच, प्रकरणं तीच. म्हणजे तू घरी जे वर्तमानपत्र चिकटवतेस, ते तिथे कारखान्यातूनच चिकटवून आलं. पुढे २०१२ साली बोकर या कंपनीने अमेरिकेतल्या पुस्तक-खरेदीची पाहणी केली. बारा ते सतरा वयासाठी म्हणून छापलेल्या पुस्तकांचे ५५ टक्के ग्राहक अठरा वर्षांच्या पुढचे निघाले, आणि त्यांत सर्वांत मोठा गट होता ३० ते ४४ वयाचा. ही पुस्तकं कुणासाठी घेता, असं विचारल्यावर बहुतेकांनी स्वतःसाठीच, असं उत्तर दिलं.

मला या आकड्यांचं नवल वाटलं नाही. वाचनालयात काम करताना बालविभागाच्या कपाटापाशी मी हे रोज पाहत होतो. मुलाच्या नावावर पुस्तक न्यायचं आणि स्वतः वाचायचं. परत आलेल्या पुस्तकात खूण म्हणून कधी बियाण्याच्या दुकानाची पावती, कधी एसटीचं तिकीट, कधी रक्त तपासणीच्या चिठ्ठीचा कपटा. ही काही चौथीतल्या पोराच्या खिशातली कागदपत्रं नव्हेत. मी कधी कुणाला हटकलं नाही. मात्र ही माणसं उघडपणे बोलली असती तर आमच्या कपाटात जास्त चांगली पुस्तकं आली असती, अशी चुटपुट आजही आहे. मोठ्यांनी मागणी केल्याशिवाय वाचनालय पुस्तकं घेत नाही आणि मुलांना मागणी कशी करायची ते ठाऊक नसतं.

वयाच्या या कप्प्यांचं फार मनावर घेऊ नकोस. पंचतंत्र एका राजाच्या तीन मंद मुलांना शहाणं करण्यासाठी सांगितलं, असं ते स्वतःच म्हणतं. पण सहाव्या शतकात इराणच्या खुसरो बादशहाच्या दरबारात त्याचं भाषांतर झालं, आठव्या शतकात ते अरबीत गेलं, आणि वाचलं कुणी, तर राजांनी आणि वजिरांनी. अलीकडचं पाहायचं तर बंगाल घे. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात जन्मला. नंतर त्याच्या कादंबऱ्या 'देश' या मोठ्यांच्या साप्ताहिकाच्या पूजा अंकात छापून येऊ लागल्या आणि घरातले सगळे तो अंक एकमेकांच्या हातून ओढून घेत. तिथल्या आजोबांना कव्हर घालावं लागलं नाही. आपल्याकडे मात्र मुलांचं पुस्तक म्हणजे वाढदिवसाला द्यायची वस्तू. घेणारा एक, वाचणारा दुसरा, आणि दोघांचं त्यावर बोलणं शून्य.

आता आपल्या मातीतलं उदाहरण देतो, 'श्यामची आई'चं. मला मुख्य सांगायचं आहे ते याच पुस्तकाच्या आधारे.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, हे तुला माहीत आहे. छात्रालयाचं कामही त्यांच्याकडे होतं आणि तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. मग चळवळ आणि तुरुंग. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती लिहून घेतली गुरुजींनी. 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली ती त्यांच्यामुळे. आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतली. हात तोच, कोठडी तशीच, मधे जेमतेम एक वर्ष. गीता प्रवचने वाचणारा माणूस गंभीर समजायचा आणि श्यामची आई वाचणारा अजून लहान, हा हिशेब कुणी मांडला?

ते पुस्तक तू शाळेत वाचलंस. बक्षीस म्हणून मिळालं असेल. आता पुन्हा काढ. श्याम ही गोष्ट आश्रमातल्या सोबत्यांना सांगतो, एकेका रात्री एकेक, अशा ४२ रात्री. सांगणारा मोठा माणूस आहे आणि ऐकणारेही सगळे लहान नाहीत. ही गोष्ट शाळेत कुणाच्या लक्षात येत नाही. शाळेत आपल्याला श्याम दिसतो, कारण आपण त्याच्या वयाचे असतो. पायाला माती लागू नये म्हणून हट्ट करणारा, पोहायला घाबरून लपणारा. तिशीच्या उंबरठ्यावर वाचशील तेव्हा श्याम जरा बाजूला सरकेल आणि आई दिसेल. मोठ्या घरात आलेली आणि ते घर डोळ्यांदेखत ढासळताना पाहणारी बाई. आणखी काही वर्षांनी वडील दिसतील. भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या, कर्ज, आणि मोठेपणाची सवय न सुटलेला एक हताश माणूस.

तुला त्यात आणखी एक माणूस दिसेल, जो मला कधी इतक्या जवळून दिसला नाही. सावकाराचा वसुलीवाला. तो दारात येतो, वाटेल ते बोलतो, आणि श्यामची आई त्याला सुनावते. 'अब्रूचे धिंडवडे' नावाचं प्रकरणच आहे. तू रोज थकबाकीदारांच्या याद्या घेऊन बसतेस. केळी वादळात आडवी झालेला, कापसाला भाव न मिळालेला माणूस तुझ्या टेबलापलीकडे उभा असतो. तुझ्या संस्थेतली वसुली नियमाने होते, तू कुणाला वेडंवाकडं बोलत नाहीस, हे मी जाणतो. पण त्या माणसाच्या घरात एक नऊ-दहा वर्षांचं पोर आहे आणि नोटीस आल्यावर घरातला आवाज कसा बदलतो हे ते ऐकतं आहे, हे तुला कोणत्या प्रशिक्षणात सांगितलं? ते मुलांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि ते वाचायला तुझ्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही. मोठेपणा टाळणं म्हणतात ते हे खचितच नव्हे.

तुझी गाडी रोज भादलीवरून जाते. त्या स्टेशनाजवळ ५ मे १९१८ रोजी आगगाडीखाली बालकवी गेले. धरणगावात जन्मलेला हा कवी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' म्हणून त्याचा गौरव झाला आणि ते नाव जन्माचं चिकटलं. त्याची 'औदुंबर' आपण शाळेत पाठ करतो, चाल लावून म्हणतो आणि विसरतो. आठच ओळींची कविता. पण तिच्यातल्या काळ्या डोहाबद्दल आणि पाण्यात पाय सोडून बसलेल्या त्या झाडाबद्दल मराठीतल्या मोठमोठ्या समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली, तरी ती संपली नाही. शाळेत शिकवली म्हणून ती लहान झाली का? आपण पाठ्यपुस्तकाबरोबर कितीतरी चांगल्या गोष्टी रद्दीत घालतो. बहिणाबाईंचंही तेच. आसोद्याच्या त्या माउलीच्या ओव्या दहाव्या वर्षी पाठ होतात, आणि त्यांचा अर्थ कळण्याजोगं वय येतं तेव्हा कुणी उघडून पाहत नाही.

आता थोडं कडू लिहितो. मुलांसाठी लिहिलेलं सगळंच चांगलं नसतं, निम्म्याहून अधिक वाईट असतं. प्रत्येक पानावर उपदेश, मुलं लाडिक बोलणारी, आजी सदैव गोड, गरीब नेहमी प्रामाणिक. असलं पुस्तक मुलांनाही देऊ नये आणि तूही वाचू नयेस. लहानपणी वाचलेलं तेच पुस्तक केवळ जुन्या आठवणींसाठी पुन्हा पुन्हा काढणं, हेही मला फारसं पसंत नाही. त्यात पुस्तक नसतं, आपलंच बालपण असतं. वर्षातून एखादं असं वाचावं, बाकी नवं वाचावं. आज बारा वर्षांच्या मुलांसाठी कोण काय लिहितंय, त्यात मोबाइल आहे का, घटस्फोट आहे का, खेड्यातली आश्रमशाळा आहे का, अहिराणी बोलणारी पोरगी आहे का, ते पाहा. नसेल तर का नाही, असा प्रश्न विचार. तिथून खरं वाचन सुरू होतं.

पारख करायची एक साधी रीत सांगतो. तुझी भाची पाचवीत आहे ना? तिला मोठ्याने वाचून दाखव. तुला आवडलेलं वर्णन चालू असताना ती पायाच्या बोटांशी खेळू लागली, तर त्या जागी पेन्सिलीने खूण कर आणि रात्री एकटीने पुन्हा वाच. बहुतेक वेळा लेखक तिथे स्वतःवर खूश झालेला सापडेल. मोठ्यांच्या कादंबरीत आपण अशी वीस पानं भिडेखातर सोसतो, पोर दोन मिनिटं सोसत नाही. म्हणूनच भा. रा. भागवतांचं वाक्य इतकं तुकतुकीत. त्यांचा बनेश, म्हणजे फास्टर फेणे, सायकलवर टांग मारतो आणि पुढच्या वाक्यात गोष्ट चौकात पोचलेली असते. असं लिहिणं किती अवघड आहे हे आपल्याला मोठं झाल्यावरच कळतं. ज्याला मराठी चांगली लिहायची आहे, मग ते पतसंस्थेचं पत्र का असेना, त्याने हे वाचावं.

मोठ्यांची पुस्तकं सोडू नकोस, हे सांगायची तुला गरज नाही. तुझ्या यादीत दोन्ही आहेत. दिवसभर वसुली करून आल्यावर शेवटी थोडी आशा असलेली गोष्ट हवीशी वाटते, असं तू लिहिलंस आणि त्यालाही 'पळपुटेपणा' म्हणालीस. मला ते पटत नाही. चांगल्या किशोर कादंबरीत मरण असतं, फसवणूक असते, बापाची दारू असते. तरी शेवटी मूल उभं राहतं, कारण लिहिणाऱ्याने वाचणाऱ्या पोराची जबाबदारी घेतलेली असते. ती जबाबदारी घेतलेलं पुस्तक थकलेल्या माणसाने वाचलं तर त्यात लपवण्यासारखं काय आहे?

करायच्या दोन गोष्टी. बालभारतीने 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. १९७१ पासूनचे अंक आहेत, तिथून सुरुवात कर आणि आवडेल त्या लेखकाचं नाव टिपून ठेव. दुसरं, 'श्यामची आई'तली कर्जाची प्रकरणं वाचून झाली की वसुलीवाल्याबद्दल तुला काय वाटलं ते मला लिही, चार ओळी का होईनात. तुझ्या खुर्चीवरून ते कसं दिसतं हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

पुढच्या महिन्यात अमळनेरला येशील तेव्हा भाचीला आण. तिच्यासाठी फास्टर फेणेची दोन पुस्तकं काढून ठेवली आहेत. ती तिच्याच हातात देईन. तुला हवी असतील तर तिच्याकडून मागून घे.

तुझे,
नाना