विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागाचे आवार विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार नव्याने आखायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?

आपण लिहिले आहे की विभागाच्या जुन्या इमारतींची पुनर्रचना विद्यार्थ्यांना केंद्रस्थानी ठेवून करायचे ठरले आहे, समितीवर आपली नेमणूक झाली आहे आणि पहिले पाऊल कोणते टाकावे हे कळत नाही. अशाच एका समितीवर मी प्राध्यापक या नात्याने तीन वर्षे काम केले आहे. मी वास्तुविशारद नाही, हे आधीच सांगतो. माझे उत्तर एवढेच की नकाशे मागवण्याआधी वेळापत्रक मागवा आणि प्रश्नावली वाटण्याआधी रात्री नऊ वाजता इमारतीतून एक फेरी मारा.

आमची सुरुवात प्रश्नावलीने झाली होती. मोठे ग्रंथालय, चांगले उपाहारगृह, व्यायामशाळा, वेगवान वाय-फाय अशी उत्तरे आली, म्हणजे विद्यार्थ्यांनी इतर संस्थांत जे पाहिले होते त्याचीच यादी हाती पडली. रोजची अडचण अंगवळणी पडली की ती अडचण म्हणून कोणी लिहून देत नाही. पुढे एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून आम्ही रात्री फेरी मारली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या वळणावर पाच विद्यार्थी पायऱ्यांवर बसलेले दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना केस, म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या प्रश्नाचा अभ्यास, वर्गात सादर करायची होती. फरशी पुसण्याच्या यंत्रासाठी ठेवलेल्या प्लग पॉइंटमधून त्यांनी लॅपटॉपची वायर ओढून घेतली होती आणि कोणी वर जाऊ लागले की त्यांच्यातली एक मुलगी ती वायर हाताने उचलून धरत होती. वरच्या मजल्यावर कोट घातलेला एक विद्यार्थी अग्निशामक नळकांड्याच्या पेटीला फोन टेकवून नोकरीची मुलाखत देत होता. त्याच वेळी दोन्ही मजल्यांवर मिळून आठ वर्गखोल्या कुलूपबंद होत्या, कारण किल्ल्या सांभाळणारा कर्मचारी सहा वाजताच घरी जात असे. जिन्याचा उल्लेख एकाही प्रश्नावलीत नव्हता.

त्यानंतर आम्ही वेळापत्रक उघडले. खोलीचा खरा वापर काढण्याची रीत सोपी आहे: किती टक्के तास खोली वापरात असते आणि त्या तासांत किती टक्के खुर्च्या भरलेल्या असतात, या दोहोंचा गुणाकार करायचा. साठ टक्के तास वापरात असलेली खोली दर वेळी निम्मीच भरत असेल, तर तिचा खरा वापर तीस टक्केच ठरतो. नवे सभागृह बांधावे असा ज्यांचा हट्ट होता त्यांच्यापुढे आम्ही हे आकडे ठेवले, तेव्हा वाद बराच निवळला. जागा पुरेशी होती, फक्त ती शंभर-सव्वाशे जणांच्या मापाने कापलेली होती आणि विद्यार्थ्यांना पाच-सहा जणांच्या मापाची हवी होती. व्यवस्थापनाच्या शिक्षणात निम्मे काम गटात होते, पण जुन्या इमारतींनी गट हा घटक गृहीतच धरलेला नसतो.

वर्गखोलीच्या आकाराबाबत मात्र घाई करू नये. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या १९५३ मध्ये उभ्या राहिलेल्या ऑल्ड्रिच हॉलमधील घोड्याच्या नालेच्या आकाराचे, पायऱ्यापायऱ्यांचे वर्ग जगभर अनुकरणाचा विषय झाले, आणि ते योग्यच होते. सुमारे नव्वद जणांच्या वर्गात प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो आणि शिक्षक मधल्या मोकळ्या जागेत फिरत चर्चा पुढे नेतो. पण खिळवलेल्या बाकांवर गटकाम होत नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइकनर यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गासाठी सात फूट व्यासाची गोल टेबले वापरली, एकेका टेबलाभोवती तिघा-तिघांचे तीन गट. गटकामाला तो आकार फार चांगला आणि नव्वद जणांच्या चर्चेला निरुपयोगी. दोन्ही हवे म्हणून आम्ही एक ‘लवचिक’ खोली केली. तिच्यातली चाकांची टेबले सकाळचा पहिला शिक्षक जिथे ठेवील तिथेच दिवसभर राहतात, कारण दोन तासिकांमधल्या दहा मिनिटांत साठ जणांची बैठक बदलायला कोणी धजावत नाही. त्या शब्दाबद्दल तेव्हापासून माझे मत फारसे चांगले नाही.

काचेच्या भिंतींचा मोहही आवरावा. गटखोली पूर्ण काचेची केली की माहितीपुस्तिकेतले छायाचित्र सुंदर येते, पण मुलाखत देणारा किंवा समुपदेशकाकडे आलेला विद्यार्थी त्या खोलीत पाऊल ठेवत नाही. याहून मोठा प्रश्न आवाजाचा आहे. शाळांच्या वर्गखोल्यांसाठीचे अमेरिकी मानक सर्वसाधारण आकाराच्या रिकाम्या वर्गात पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपर्यंत आणि आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदांपर्यंत ठेवण्यास सांगते. हे साधायचे तर खोल्यांमधली भिंत थेट वरच्या स्लॅबला भिडवावी लागते. ती फॉल्स सीलिंगपाशी थांबली, तर एका गटाची सगळी चर्चा वरून पलीकडच्या खोलीत उतरते आणि ही चूक नकाशात सहसा लक्षात येत नाही.

प्राध्यापकांच्या खोल्या कुठे असाव्यात, या मुद्द्यावर आम्ही हरलो. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतले प्राध्यापक टॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की बसण्याच्या जागांमधले अंतर वाढते तसे माणसांमधले बोलणे झपाट्याने कमी होते आणि सुमारे पन्नास मीटरांपलीकडे ते नाममात्र उरते. हे ठाऊक असूनही बहुतेक प्राध्यापकांनी सर्वांत वरचा शांत मजला मागितला. त्यांत मीही होतो. आता माझ्याकडे आपणहून येणारे विद्यार्थी कमी झाले आहेत.

‘विद्यार्थी’ म्हणताना समितीच्या डोळ्यांपुढे बहुधा वसतिगृहात राहणारा, धडधाकट, पूर्णवेळ शिकणारा तरुण असतो. नोकरी करून संध्याकाळी येणाऱ्यांना कार्यालय आणि उपाहारगृह दोन्ही बंद सापडतात. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्याला पायऱ्यांच्या वर्गात फक्त पहिली किंवा शेवटची ओळ मिळते. मधल्या एका ओळीपर्यंत सपाट वाट काढता येते, पण ती पहिल्या आराखड्यातच धरावी लागते.

बांधकामाआधी नियम बदलून पाहा. त्या आठ खोल्या रात्री अकरापर्यंत उघड्या ठेवायला सुरुवात केली, तेव्हा जिन्यावरची गर्दी दोन आठवड्यांत ओसरली. बांधकामही तुकड्यातुकड्याने करावे. अमेरिकेतील ऑरिगन विद्यापीठासाठी वास्तुविशारद ख्रिस्टोफर अलेक्झांडर यांनी १९७० च्या दशकात हाच मार्ग सुचवला होता: एकदाच भव्य आराखडा न करता लहान कामे घ्यायची, वापरणाऱ्यांना निर्णयात सामील करायचे आणि कुठे बिघडते आहे ते दर वर्षी तपासायचे. आम्ही त्यातले एवढे उचलले की गटखोलीचा प्लायवूडचा पूर्ण आकाराचा नमुना उभारला आणि तो महिनाभर विद्यार्थ्यांना वापरायला दिला. टेबल फार रुंद आहे, कडेला बसणाऱ्याला पडदा तिरपा दिसतो, हे त्यांनीच सांगितले आणि आम्ही माप बदलले. नमुन्याला आम्ही दार मात्र लावलेच नव्हते. खोल्या तयार झाल्यावर दार आत उघडते आणि खुर्चीच्या पाठीवर आदळते असे दिसून आले. अंदाजपत्रकात वर्षभरानंतरच्या दुरुस्त्यांसाठी काहीच राखून ठेवले नव्हते, त्यामुळे त्यांपैकी दोन दारे अजूनही तशीच आहेत. आपण ती तरतूद पहिल्याच बैठकीत करून घ्यावी.