वेग बघू नका, ती अडते तेव्हा काय करते ते बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी साडेसहा वर्षांची, शाळेत घातलेली नाही, गोव्यात डिचोलीला घरीच शिकते. तोंडी हिशेब पटापट करते, पण वही-पेन्सिल समोर आली की उठून जाते. पाढे पाचाच्या पुढे पाठ नाहीत. नणंदबाई म्हणतात ॲबेकसच्या, म्हणजे मण्यांच्या चौकटीवर आकडेमोड शिकवणाऱ्या, क्लासला घाला, नाहीतर हुशारी वाया जाईल. आणि तुम्हाला एवढंच कळायला हवंय की ही खरोखर गणिताची जाण आहे, की आपल्याच लेकीचं आपल्याला वाटणारं कौतुक.

मी फोंड्याकडे बरीच वर्षं प्राथमिकच्या मुलांना गणित शिकवलं आणि पुढे माझी दोन्ही मुलं घरीच शिकली. दोन्हीकडून बघितल्यावर माझं स्पष्ट मत आहे: या वयात सगळ्यात जास्त फसवतो तो वेग. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं, बाराचा पाढा उलटा म्हणून दाखवणारं मूल पाहुण्यांसमोर छान दिसतं. पण त्यावरून पाठांतर चांगलं आहे आणि घरच्यांनी मेहनत घेतली आहे, एवढंच कळतं.

क्रुतेत्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९५५ ते १९६६ या काळात शाळकरी मुलांना उदाहरणं देऊन, ती सोडवताना मोठ्याने विचार करायला लावून, गणितात पुढे असलेल्या मुलांचं डोकं कसं चालतं ते तपासलं. झटपट आकडेमोड, आकडे लक्षात राहणं, कामाचा वेग या गोष्टी त्याने असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही अशा खात्यात टाकल्या. त्याला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. एकदोन उदाहरणांवरून नियम पकडणं, मधल्या पायऱ्या आपोआप गाळणं, एक वाट बंद झाली की दुसरी शोधणं, आणि उत्तर आलं तरी ‘याहून सोपं काहीतरी असेल’ म्हणून चैन न पडणं. या मुलांना आकडे नंतर आठवत नसत, पण उदाहरणाचा सांगाडा आठवत असे. त्याची मुलं बहुतेक तुमच्या लेकीपेक्षा मोठी होती, तरी यातलं बरंचसं साडेसहाव्या वर्षीही दिसतं. फक्त ते वहीत शोधायचं नाही.

घरात अंड्यांचा तीसचा ट्रे असतो ना? पाच ओळी, प्रत्येकीत सहा. त्यातली सात अंडी संपली की विचारा, किती उरली. एक मूल बोट लावून एकेक मोजेल. दुसरं सहा, बारा, अठरा असं ओळीने जाईल. तिसरं अंड्यांकडे बघणारच नाही, रिकामे खड्डे मोजून सांगेल, ‘तेवीस’. तिन्ही उत्तरं बरोबरच, पण तिसऱ्याने काम कमी करायची युक्ती स्वतः काढली. एखादं मूल ट्रे पाव फिरवून म्हणतं, ‘आता सहा ओळी झाल्या, पाच-पाचाच्या, पण अंडी तेवढीच.’ हे कोणी न सांगता सुचलं असेल तर माझे कान टवकारतात. ‘शाब्बास’ म्हणून मोकळं होऊ नका. ‘तुला कसं कळलं?’ विचारा आणि गप्प बसा. आपल्याला हे गप्प बसणंच जमत नाही.

आणखी एक सांगते. गणेशचतुर्थीच्या दिवसांत वाड्यावर फुगडीला मुली जमल्या होत्या. दोन घरांच्या दोन टोळ्या, आणि दोन्हीकडे एकेक मुलगी बिनजोडीची उरलेली. माझी धाकटी तेव्हा सात वर्षांची. ती म्हणाली, ‘दोन्हीकडे एक उरली म्हणजे कोणीच उरत नाही गो.’ मी विचारलं, इकडे अकरा आणि तिकडे सतरा असत्या तर? तिने बेरीज केलीच नाही. ‘कितीही असू देत. उरलेल्या दोघी एकमेकींना धरणार.’ विषम आणि विषम मिळून सम होतं, याची ही सिद्धताच झाली, आणि तीही सगळ्या विषम संख्यांसाठी. अकरा अधिक सतरा किती हे विचारलं असतं तर तिने बोटं मोजली असती आणि कदाचित चुकलीही असती. ‘कितीही असू देत’ हे शब्द मुलाच्या तोंडून आले की ते गणिताच्या अंगणात शिरलंय असं मी समजते.

आता उलट बाजू. काही गोष्टींवरून मूल कच्चं आहे असं वाटतं, पण त्याचा जाणिवेशी संबंध नसतो. ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणं त्यातलंच. आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस, लिहिताना मात्र आधी दोनाचा आकडा. त्यात गोव्यातल्या मुलाच्या कानावर घरी कोकणी, पुस्तकात मराठी आणि दुकानात ‘ट्वेंटी फाइव्ह’. आकडे आरशातल्यासारखे उलटे काढणंही सातव्या वर्षापर्यंत चालतं.

तसंच पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा तो प्रसिद्ध प्रयोग. दोन ओळींत सहा-सहा शिंपले समोरासमोर मांडायचे, मग एक ओळ पसरून विचारायचं, जास्त कुठे? पाच वर्षांची पुष्कळ मुलं लांब ओळ दाखवतात आणि आईबाप खट्टू होतात. पण १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ओळ पसरवायचं काम एका खोडकर टेडी अस्वलाकडून ‘चुकून’ करवलं, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितलं. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, म्हणजे उत्तर बदलायला हवं असणार, असं मुलाला वाटतं. म्हणून परीक्षेच्या सुरात काही विचारू नका. खेळताखेळता जे दिसेल तेच खरं.

आणि निकाल आत्ताच लावायची घाई कशाला? अमेरिकेत ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य असलेली मुलं शोधायचं मोठं काम सुरू केलं, ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांपासून, त्यांना मोठ्यांची परीक्षा देऊन. साडेसहाला फार तर कल कळतो. ‘आमची गणितात हुशार’ हे तिच्यादेखत नातेवाइकांना सांगणं तर आजपासून बंद करा. अशी काही मुलं पुढे अवघड गणिताला हातच लावत नाहीत, चुकलो तर हुशारी जाईल म्हणून.

करून बघायला एक देते. डहाणूचे दत्तात्रेय कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, आकड्यांशी खेळण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांच्या ६१७४ च्या खेळात चार अंकांच्या मोठ्यात मोठ्या मांडणीतून छोट्यात छोटी वजा करत गेलं (चारही अंक सारखे नकोत) की शेवटी ६१७४ येतं. त्याचा धाकटा भाऊ घ्या. दोन वेगळे अंक, मोठ्या मांडणीतून छोटी वजा. ५२ वजा २५, सत्तावीस. ७२ वजा २७, पंचेचाळीस. ५४ वजा ४५, नऊ. नवाच्या आधी शून्य धरून ९० वजा ०९, एक्याऐंशी. मग त्रेसष्ट, आणि पुन्हा सत्तावीस. वजाबाकी तुम्ही करा, हवं तर कॅल्क्युलेटरवर, तिने फक्त बघायचं. काही मुलं दुसऱ्या फेरीला उठून जातात, त्यात काही बिघडत नाही. काही म्हणतात, ‘परत तेच आलं!’ काही दुसरे अंक घेऊन हे चक्र मोडायला बघतात. आणि एखादं दोन दिवसांनी आंघोळ करताना ओरडतं, ‘हे सगळे नवाच्या पाढ्यातले आहेत!’ दोन दिवसांनी येणारं ते वाक्य टिपून ठेवा. एका वहीत तारीख घालून तिचे असे प्रश्न आणि युक्त्या लिहीत जा. सहा महिन्यांनी ती वही मला विचारण्यापेक्षा जास्त सांगेल. मूल आठ वर्षांचं झालं की तीन अंकी घ्या, तिथे गाडी ४९५ वर जाऊन थांबते.

ॲबेकसबद्दल: क्लास वाईट नसतो, बेरजा चटकन यायला लागतात, काही मुलांना तो आवडतोही. पण तिथे एकच रीत घोटून घेतात आणि घड्याळ लावतात. तुमची लेक आत्ता स्वतःच्या रीती काढते आहे, त्यामुळे मी तरी थांबेन. नणंदबाईंना सांगा, आठव्या वर्षी तिलाच विचारू. तोवर बदाम सात, व्यापार, ठिपक्यांची रांगोळी. पुढचे वर्ग लवकर उरकायच्या नादाला लागू नका. आहे त्याच बेरजा-वजाबाक्यांत अवघड कोडी भरपूर आहेत. कागदपत्रांची काळजी तर आत्ता अजिबात नको, एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात.

लिहिण्याचं म्हणाल तर सध्या तिने सांगावं, तुम्ही लिहावं. डोकं पुढे आणि हात मागे, हे या वयात नेहमीचं आहे. पण चित्र काढतानाही हात दुखतो म्हणत असेल, बटणं लावायलाही त्रास होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. ती काय काढते, पेन्सिल कशी धरते, तेवढं कळवा, मग पुढचं बोलू.