चलान आलं, पावती मिळाली

प्रश्न असा आहे: सिग्नल तोडला म्हणून मोबाइलवर संदेश आला, तर मराठीत 'चलन आलं' म्हणायचं, 'चलान आलं' म्हणायचं, की 'पावती फाडली' म्हणायचं? विचारणाऱ्यांच्या घरात तिन्ही पक्षांना एकेक वकील आहे. शिवाय दोन पोटप्रश्न आहेत. आता कागदच राहिला नाही तर फाडलं काय? आणि अशी चार जमली तर त्यांचं अनेकवचन काय?

माझं मत आधीच सांगतो. संदेश येतो ते चलान. पैसे भरल्यावर मिळते ती पावती. चलन हा शब्द बँकेच्या काउंटरला आणि नोटानाण्यांना राहू द्यावा. घरातला वाद एवढ्यावर मिटायला हरकत नाही, पण कारणं फार गोड आहेत, म्हणून पुढे लिहितो.

चलान हा शब्द 'चल्' या धातूच्या मोठ्या खटल्यातला. चालणं, चाल, चालक, चालू, चालढकल ही सगळी त्याचीच भावंडं. हिंदीत 'चलाना' म्हणजे चालतं करणं, आणि त्यावरून 'चालान' म्हणजे रवानगी. आधी रवानगी हा अर्थ, मग रवानगीबरोबर जाणारा कागद. आपल्याकडे पहिला 'चा' ऱ्हस्व होऊन 'चलान' रुळला. हिंदीतही दोन्ही रूपं बोलण्यात आहेत.

या रवानगीच्या तीन जागा आजही जिवंत आहेत. पहिली मालाची. ट्रक निघतो तेव्हा चालकाकडे मालाचं चलान असतं, ज्याला बाजारात डिलिव्हरी चलान म्हणतात. वस्तू व सेवा कराच्या नियमांत, म्हणजे नियम ५५ मध्ये, त्याच्या तीन प्रती सांगितल्या आहेत: मूळ प्रत माल घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी पाठवणाऱ्याची. कागद मालाबरोबर चालतो, म्हणून तो चलान. दुसरी जागा पैशाची. सरकारी तिजोरीत रक्कम रवाना करायची तर तिच्यासोबत कागद लागतो. तिसरी जागा माणसाची, आणि आपल्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. पोलिसांनी तपास करून आरोपीला न्यायालयाकडे पाठवणं याला उत्तरेकडे 'चालान करना' म्हणतात. हिंदी वर्तमानपत्रांत 'अदालत में चालान पेश किया' असं वाचाल तेव्हा तिथे दुचाकी आणि हेल्मेट यांचा काही संबंध नसतो. ते आपल्या भाषेतलं आरोपपत्र असतं.

म्हणजे वाहतुकीचं चलान ही शिक्षा नव्हे. ते पोलिसांचं म्हणणं आहे: या ठिकाणी, या वेळी, या गाडीने हा नियम मोडला. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. २०१९ च्या दुरुस्तीत त्यात १३६अ हे कलम आलं आणि कॅमेऱ्यांनी रस्त्यावर नजर ठेवायला कायद्याची बैठक मिळाली. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यापाठोपाठ केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. त्यात कॅमेऱ्याच्या नोंदीवरून अपराधाची सूचना १५ दिवसांत पाठवण्याची तरतूद होती. शब्द बघा, 'सूचना'. दंड पाठवा असं तिथे म्हटलेलं नाही.

इतकंच काय, चलानावर छापलेल्या रकमेलाही कायद्याच्या भाषेत दंड म्हणता येत नाही. कलम २०० प्रमाणे काही अपराधांत तडजोड करता येते, आणि त्यासाठीची रक्कम राज्य सरकार ठरवतं. परिवहन खात्याच्या मराठीत ते 'तडजोड शुल्क'. तुम्ही ते भरलं की प्रकरण न्यायालयात न जाता मिटतं. दंड ठोठावतं ते न्यायालय. दारू पिऊन गाडी चालवणं या तडजोडीत बसत नाही, तिथे न्यायाधीशांसमोर उभं राहावंच लागतं. 'तडजोड' हा शब्द मला फार आवडतो. नाइलाजाने का होईना, दोन्ही बाजूंनी 'मिटवू या' म्हटल्याचा सूर त्यात आहे, आणि तो सूर कायद्याशी तंतोतंत जुळतो.

आता पावती. हा शब्द 'पावणे'चा, म्हणजे पोचण्याचा. देव पावतो तोच हा पाव. जुन्या पावत्यांवर अमुक रुपये 'भरून पावलो' असं लिहून खाली सही करत. पुढे कोणी धन्यता व्यक्त करताना म्हणू लागलं, 'नातवंडं पाहिली, भरून पावलो', तेव्हा हिशेबाचा शब्द थेट काळजात जाऊन बसला. पोचपावती म्हणतो तेव्हा तर अर्थ दोनदा सांगतो, पोच आणि पावती. तेव्हा दिशा लक्षात घ्या. चलान निघतं, पावती पोचते. एक पाठवणाऱ्याचं, दुसरी घेणाऱ्याची. पैसे भरलेच नाहीत तोवर खात्याला काही पावलेलं नाही, मग पावती कसली? संदेश वाचून 'पावती आली' म्हणणं मला खटकतं ते यासाठी.

पण थांबा. घरातले जे ज्येष्ठ 'पावती फाडली' म्हणतात, त्यांचंही म्हणणं एका काळाला धरून बरोबर होतं. चौकात गाडी बाजूला घेतली जायची, हवालदाराच्या हातात पावतीपुस्तक, मध्ये कार्बन, पानाला कडेने टाचणीच्या टोकाएवढी भोकं. रक्कम तिथल्या तिथे भरायची, वरचं पान टर्रकन सुटायचं, खाली स्थळप्रत राहायची. पैसे तिथेच पावले, म्हणून ती खरीच पावती होती. आणि ती फाडलीच जायची.

या 'फाडणे'ची आणखी एक खुमारी आहे. वर्गणी मागणारा म्हणतो, 'पाचशेची पावती फाडू का?' आणि देणाराही दुसऱ्या दिवशी सांगतो, 'मी पाचशेची पावती फाडली.' पुस्तक ज्याच्या हातात तोही फाडतो, खिशात हात घालणाराही फाडतो. म्हणून 'फाडणे' इथे कागदाचं उरलेलं नाही, व्यवहार पुरा झाल्याचं आहे. दुसऱ्याच्या चुकीचं खापर आपल्यावर आलं की 'माझ्या नावावर बिल फाडलं' म्हणतो, तिथेही कागद नसतोच.

तेव्हा कागद गेला म्हणून क्रियापद सोडायची गरज नाही. मराठीला अशी सवय जुनी आहे. जुन्या फोनसारखा रिसीव्हर ठेवायची जागा मोबाइलला नाही, तरी आपण 'फोन ठेवतो'. सिग्नल 'पडला' हे तर आगगाडीचं देणं वाटतं. रुळांकडेच्या खांबाला हात असायचा, काही सिग्नलांत तो खाली पडला की गाडीला वाट मोकळी. रस्त्यावरच्या दिव्यांत पडण्यासारखं काही नाही, पण क्रियापद आलं, आणि येताना उलटं झालं. कित्येकांच्या तोंडी आता सिग्नल पडला म्हणजे लाल लागला, आणि हिरवा झाला की सिग्नल सुटला.

मात्र 'चलान कापलं' टाळावं. ते हिंदीच्या 'चालान काटा'चं सरळ उचललेलं रूप. आपल्याकडे पावती फाडतात, चलान येतं किंवा होतं. 'त्याचं चलान झालं' हे मला सगळ्यात मराठी वाटतं.

चलनाचा खुलासा थोडक्यात. हा संस्कृत शब्द, अर्थ हालचाल, म्हणून चलनवलन. हातोहात फिरतं ते नाणं, म्हणून नोटा चलनात येतात आणि चलनातून बाद होतात. तिजोरीत किंवा बँकेत रक्कम भरण्याच्या कागदालाही मराठीने चलनच म्हटलं, आणि परीक्षेच्या फीचं चलन भरलेल्या पिढ्यांना ते पाठ आहे. दोन्हीकडे पैसाच असल्याने तिथे घोटाळा होत नाही. वाहतुकीत होतो. 'थकीत चलन' असा मथळा वाचला की क्षणभर वाटतं रुपयालाच दम लागला. 'थकीत चलान' लिहिलं की प्रश्न मिटतो. काही वर्तमानपत्रं 'ई-चलन' लिहितात. ती चूक आहे असं मी म्हणणार नाही, दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे. पण दोन कामांना दोन शब्द आयते हाताशी असताना एकावर ओझं कशाला?

एक प्रयोग मात्र विचारणाऱ्यांच्या यादीत नव्हता आणि मला तो सगळ्यांत सुंदर वाटतो: 'गाडीवर चलान आहे.' जुनी गाडी घेताना जाणता माणूस हेच विचारतो, 'गाडीवर काही चलान नाही ना?' घरावर कर्ज, सातबाऱ्यावर बोजा, तसं गाडीवर चलान. हा 'वर' उगाच आलेला नाही. चौकातला हवालदार चालवणाऱ्याला अडवायचा, त्यामुळे 'माझी पावती फाडली' म्हणत. कॅमेरा माणसाला ओळखत नाही, तो नंबरप्लेट वाचतो आणि संदेश नोंदणीकृत मालकाला जातो, मग स्टिअरिंगवर भाचा असो की शेजारी. पकडण्याची पद्धत बदलली तशी मराठीने विभक्ती बदलली. 'माझी'ची जागा 'गाडीवर'ने घेतली, आणि हे कोणी ठरवून केलेलं नाही.

राहिलं अनेकवचन. शब्द नपुंसकलिंगी, 'ते चलान'. म्हणून बोलताना 'चार चलानं', लिहिताना 'चार चलाने'. सामान्यरूप 'चलाना-', म्हणजे चलानाची रक्कम, चलानावरचा फोटो, आणि अनेक असतील तर चलानांची यादी. 'चलान्स' नको. आणि 'चलनं' लिहाल तर वाचणाऱ्याला परदेशच्या नोटा आठवतील.