चिलखत विणायला बसण्यापूर्वी

पहिलंच काम म्हणून अख्खं चिलखत हाती घेऊ नकोस. तळहाताएवढा तुकडा विण, पण कड्या रिवेट मारलेल्याच हव्यात, म्हणजे टोकं एकमेकांवर चढवून, भोक पाडून बारीक खिळ्याने जोडलेल्या. नुसत्या टोकाला टोक भिडवलेल्या कड्या स्वतःच्या वजनानेही उघडतात.

बांधकामाची सळई बांधायची काळी तार सरावाला उत्तम, कारण ती आधीच मऊ केलेली असते. जस्ताचा मुलामा असलेली तार मात्र भट्टीत अजिबात घालू नकोस, तिचा धूर विषारी असतो. तार सळईवर गुंडाळून स्प्रिंगसारखी काढ आणि टोकं एकमेकांवर चढतील इतकी जागा ठेवून काप. कडी लालबुंद तापवून सावकाश निवू दे, मग चढलेला भाग हातोडीने चपटा कर. खरं कसब इथंच. घाव जास्त बसला की भोक पाडताना कड फाटते, कमी बसला तर पोगर, म्हणजे भोक पाडायचं टोकदार हत्यार, आत शिरत नाही. बोटाला जाडी कळेपर्यंत हेच करत राहा.

हिंदुस्थानी चिलखतांत एक ओळ अखंड, म्हणजे जोड नसलेल्या कड्यांची, एक रिवेटची, अशी वीण पुष्कळदा दिसते. त्यामुळे रिवेटचं काम निम्म्यावर येतं, तूही तसंच कर. प्रत्येक कडीत चार कड्या ओवायच्या. विणीला दिशा असते. ओळी अंगाभोवती आडव्या यायला हव्यात, तरच चिलखत अंगाला धरून बसतं.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात जाऊन शस्त्रास्त्रांचं दालन निवांत बघ. छायाचित्रात रिवेटचं डोकं नीट कळत नाही.