हिवाळ्यात खानदेशातील डोंगराळ भागातून गाडीने जाण्यासाठी कोणता रस्ता निवडावा?

डिसेंबरअखेरीस आपण पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणार आहात, सोबत वडील आहेत, त्यांना चढउतार झेपत नाही आणि हाताशी दोनच दिवस आहेत. तेव्हा गाडीत बसूनच पाहता येईल असा रस्ता कोणता, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नंदुरबारहून प्रकाशा, शहादा, म्हसावद आणि राणीपूर या मार्गाने सातपुड्यातले थंड हवेचे ठिकाण तोरणमाळ, असे आहे. मी शहादा तालुक्यात राहतो आणि हा रस्ता सगळ्या ऋतूंत केलेला आहे. तोरणमाळला पावसाळ्यातच जावे, असे बहुतेक लोक सांगतात. मला ते पटत नाही. पावसाळ्यात घाटात ढग उतरले की पुढच्या गाडीचा दिवा दिसणेही मुश्किल होते, मग दरी कुठून दिसणार? हिवाळ्यात हवा कोरडी असते, गवत वाळून पिवळेधमक झालेले असते, सालईसारखी झाडे पाने गाळू लागलेली असतात आणि झाडीआड दडलेले डोंगराचे कडे उघडे पडतात. शिवाय हा रस्ता उत्तरेकडे चढतो. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे समोरचे उतार दिवसभर उजेडात असतात आणि ऊन डोळ्यांवर येत नाही.

आदल्या रात्री धुळ्याला मुक्काम करून सकाळी दोंडाईचामार्गे नंदुरबार गाठावे. नंदुरबारच्या आसपास या दिवसांत मिरचीच्या पथारी असतात, म्हणजे व्यापाऱ्यांनी विकत घेतलेली ओली लाल मिरची मोकळ्या माळावर उन्हात पसरून ठेवलेली असते आणि मजूर बाया तिच्या कडेने बसून देठ खुडत असतात. एवढा मोठा लाल रंग जमिनीवर अंथरलेला आपण क्वचितच पाहिला असेल. गाडी मात्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी करावी, कारण खकाणा, म्हणजे मिरचीची तिखट धूळ, उठला की काचा बंद करूनही वडिलांचा खोकला थांबणार नाही.

पुढे प्रकाशा येथे तापी लागते. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील या गावाला दक्षिण काशी म्हणतात. बंधाऱ्यामुळे हिवाळ्यातही येथे पात्र भरलेले असते आणि केदारेश्वराच्या मंदिराजवळून ते शांतपणे पाहता येते. तेथून शहाद्यापर्यंतचा पट्टा काळ्या गाळाच्या जमिनीचा. दोन्ही बाजूंना पपई, केळी, ऊस, हरभरा आणि दादर ज्वारी उभी असते. हा सपाट भाग कंटाळवाणा समजून लोक गाडी पळवतात, पण ही सपाटी नीट पाहिली नाही तर पुढची चढण कळत नाही. शहादा समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड-दोनशे मीटर उंचीवर आहे आणि तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर, आणि या दोहोंमध्ये अंतर आहे ते अवघे ५०-५५ किलोमीटर. म्हसावद सोडले की सातपुड्याची निळसर भिंत समोर उभी राहते आणि राणीपूरनंतर रस्ता तिच्यात शिरतो.

खरा आनंद येथून पुढे आहे. एकावर एक वळणे घेत रस्ता चढतो, आणि सातपायरी घाटाच्या वरच्या अंगाला थांबून खाली पाहिले म्हणजे आपण आलो ती वाट डोंगरावर दोरी टाकल्यासारखी दिसते. तोच क्षण वडिलांना दाखवावा. त्यासाठी गाडीतून उतरून दहा पावलेही पुरतात. वाटेत पावरा आणि भिल्ल समाजाचे पाडे लागतात. घरे दाटीने नसतात, प्रत्येक घर आपापल्या शेताजवळ असते, भिंती कुडाच्या, छप्पर कौलांचे. ही राहती घरे आहेत, प्रेक्षणीय स्थळे नव्हेत, म्हणून विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत.

वर यशवंत तलाव आहे, सीताखाई आणि खडकी पॉइंट आहेत. त्यांबद्दल सर्वत्र लिहिलेले असते, म्हणून मी थांबत नाही. एवढेच सांगतो की सीताखाईचा धबधबा या दिवसांत बारीक झालेला असतो. रात्रीचा मुक्काम मात्र वरच करावा आणि खोलीची व्यवस्था आधीच करून ठेवावी. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, त्यात रात्री गार हवा तलावाकाठच्या सखल भागात साचते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचे दव गोठलेले दिसते. वडिलांसाठी कानटोपी आणि जाड पांघरूण घरूनच आणावे.

आता उतरण्याविषयी, कारण माझी चूक तेथेच झाली होती. पहिल्या खेपेला मी संध्याकाळी उतरायला निघालो, चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून, आणि निम्म्या घाटात चाकांतून जळका वास येऊ लागला. मागून आलेल्या काळीपिवळीच्या चालकाने थांबून सांगितले, "भाऊ, गाडीले थोडा दम खाऊ दे, मंग उतरजो." अर्धा तास थांबलो, तोवर अंधार पडला, आणि अंधारात घाटात गुरे सामोरी आली. तेव्हापासून मी ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो, अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच निघतो. उतरताना तोंड दक्षिणेकडे असल्याने ऊन समोरून येते, तेवढ्यासाठी पुढची काच आतूनही पुसून घ्यावी. पेट्रोल शहाद्यातच भरावे, जवळ रोख पैसे ठेवावेत आणि वर मोबाइलची रेंज मिळेलच असे धरू नये.

तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट याहून रानवट आहे आणि पावसाळ्यात तेथे दरडी कोसळतात. वडील सोबत असताना या खेपेला तो नको. परतीच्या दुपारी शहाद्यात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि हिरव्या मिरचीचे वांग्याचे भरीत मिळाले तर अवश्य खावे, मात्र भरिताच्या तिखटाची कल्पना वडिलांना आधी द्यावी. दत्तजयंतीच्या सुमारास आलात, तर तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरलेला असतो. त्या दिवसांत परिसरातील खोल्या लवकर भरतात, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी पंचांग पाहून घ्यावे.