कोकणातल्या कौलारू घराचा माजघरातला मधला खांब काढला तर चालेल का?

तुमच्या प्रश्नावरून घर असं दिसतं: दुपाखी छप्पर, जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, आणि माजघराच्या मधोमध लाकडी खांब. तो सोफ्याच्या आड येतोय, आणि कंत्राटदार म्हणतो की छप्पर भिंतींवर आहे, खांब नुसता शोभेचा. मी इंजिनिअर नाही, पण आमच्या घराचं छप्पर दोनदा उतरवून चढवलंय. शोभेसाठी ऐनाचं लाकूड उभं करण्याइतके आपले पणजोबा श्रीमंत नव्हते.

माळ्यावर बॅटरी घेऊन चढा. सगळ्यात वर, दोन्ही पाखी मिळतात तिथे आडवं आढं दिसेल. वाशांचं वरचं टोक आढ्यावर आणि खालचं भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडावर टेकलेलं असतं. वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. शंभर चौरस फूट छपराला साधारण 140 ते 150 कौलं लागतात, म्हणजे कौलांचंच वजन सव्वातीनशे ते पावणेचारशे किलो. पावसात भिजली की आणखी जड.

आता आढं कशावर आहे ते बघा. दोन टोकांना भिंती असतील, पण मध्ये तो तुमचा खांब. कुठे खांब थेट आढ्यापर्यंत जातो, कुठे तुळईपाशी, म्हणजे खालच्या जाड आडव्या लाकडापाशी, थांबतो आणि तुळईवर दुसरा आखूड खांब उभा करून आढं पेललेलं असतं. आढं जागचं हलत नाही तोवर वासे वरून धरलेले असतात आणि भिंतीवर फक्त उभा भार येतो. खांब काढला की आढं मध्ये बसतं. मग समोरासमोरचे वासे एकमेकांवर रेलतात, त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात आणि भिंतीचा माथा ढकलतात. जांभ्याची भिंत उभा भार बराच सोसते, आडवा रेटा नाही.

हे मी आमच्याच घरात पाहिलंय. पडवीकडच्या भिंतीला वरच्या बाजूला भेग पडायची, आम्ही दर मे महिन्यात गिलावा करायचो. तीन वर्षांनी एका म्हाताऱ्या सुतारानं ओळंबा सोडला, तर माथा दोन बोटं बाहेर. भिंतीकडे न बघता तो माजघरात गेला आणि खांबाच्या बुडाशी पटाशी टोचली. भिजल्या भुशात जावी तशी ती आत गेली. कधीतरी कोबा करताना तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, कोब्यात गाडला गेला होता, लाकूड ओलीत बसलं आणि वाळवीनं पोखरलं. कौलं उतरवून, जॅक लावून आढं थोडं थोडं उचललं, कुजलेलं बूड कापून खाली दगड बसवला. भेग पुन्हा आली नाही.

तुमचा कंत्राटदार कदाचित कैची, म्हणजे छपराखालचा बांधलेला त्रिकोणी सांगाडा, डोळ्यासमोर ठेवून बोलत असेल. शाळा-गोदामांच्या छपराला मध्ये खांब नसतो, हे खरं. पण कैचीत वाशांचे पाय खालच्या आडव्या लाकडानं एकमेकांना बांधलेले असतात, ते लाकूड ताणात असतं आणि मधला उभा तुकडा त्याला वरून लटकवून धरतो. तुमच्याकडे उलटं आहे: आखूड खांब तुळईला खाली दाबतो, म्हणून ती इतकी जाड. दिसायला दोन्ही त्रिकोणच.

खांब काढायचाच असेल तर आढ्याला दुसरा आधार द्यावा लागेल: त्याखाली लोखंडी गर्डर, किंवा बांधलेल्या कैच्या. गर्डरची टोकं जिथे बसतील तिथला जांभा तेवढा भार घेईल का, हे इंजिनिअरनं येऊन बघायला हवं, फोटोवर नाही. आधी कौलं उतरवा, टेकू द्या, मगच खांबाला हात लावा. आणि हे दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात सुरू केलंत आणि सुतार मध्येच मुंबईला जाऊन परतलाच नाही, तर मृगाचा पाऊस सोफ्यावरच पडेल.