पक्षाघातानंतर धडाचा तोल

प्रश्न : वडिलांना पक्षाघात होऊन तीन महिने झाले. डावी बाजू अधू आहे. आधाराने चार पावलं टाकतात, पण खुर्चीत बसले की थोड्याच वेळात डावीकडे कलतात. पोटाच्या बळकटीसाठी सिट-अप्स द्यावेत का?

उत्तर : नकोत. त्यात मान ओढली जाते, श्वास रोखला जाऊन रक्तदाब चढतो आणि अधू हातपाय आणखी ताठरू शकतात. शिवाय अडचण नुसत्या ताकदीची नाही, तोल सावरण्याचीही आहे. तो बसूनच शिकावा लागतो.

डॉक्टरांची परवानगी असेल तर पलंगाच्या कडेला बसवा. गादी टणक हवी, मऊ गादीत कंबर रुतते. तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले, गुडघे काटकोनात. तुम्ही डावीकडे थांबा. आधी फक्त कंबर हलवायची : मागे सैल सोडून पोक काढायचं, मग बेंबी पुढे नेत ताठ व्हायचं, 10 वेळा. बरेचदा नुसते खांदेच मागेपुढे होतात. कंबरेवर दोन्ही हात ठेवलेत की ही लबाडी लगेच हाताला कळते.

हे जमलं की डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाताच्या टप्प्याच्या किंचित पलीकडे पेला धरा आणि उजव्या हाताने घ्यायला सांगा. वजन डाव्या नितंबावर यावं, डावी कूस ताणली जावी. खांदा खाली कोसळत असेल तर पेला लांब आहे, जवळ आणा.

झोपून करायचा व्यायाम एकच : गुडघे दुमडून नितंब उचलणे. 5 आकडे मोठ्याने मोजत थांबायचं, म्हणजे श्वास अडकत नाही. 8 ते 10 वेळा पुरे. डावा गुडघा बाहेर पडत असेल तर दोन्ही गुडघ्यांत घडी केलेला टॉवेल दाबून धरायला लावा, पाऊल तुम्ही धरा. सगळा भार उजवा पायच उचलतोय असं दिसलं तर उजवं पाऊल थोडं पुढे सरकवा.

दिवसातून दोनदा, 15-20 मिनिटं, मध्ये विश्रांती. उठवताना डावा हात कधीही ओढू नका, खांदा निखळतो. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवा. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मोठ्या चेंडूवर बसवलं तर?

उत्तर : इतक्यात नाही. स्थिर बैठकीवर, हाताचा आधार न घेता 10 मिनिटं सरळ बसता येऊ द्या. त्यानंतरही पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टच्या देखतच.